निवारा केंद्र (नाशिक जिल्हा, २०२०)

कोरोनाच्या टाळेबंदीत पायी गावी निघालेल्या परप्रांतीय मजुरांना वाटेत अडवून शाळांत, वसतिगृहांत ठेवले गेले. या जागांना सरकारी कागदोपत्री 'निवारा केंद्र' म्हणत. राहणाऱ्यांच्या लेखी ती थांबवून ठेवण्याची जागा होती.

नाशिककडे येणारी माणसे मुख्यतः मुंबई, ठाणे, भिवंडीकडची. मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढला की इगतपुरी लागते. ठाणे जिल्हा संपतो तो इथेच. एरवी ही हद्द कोणाच्या ध्यानातही येत नाही. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश निघाला: राज्यांच्या व जिल्ह्यांच्या सीमा बंद करा, वाटेवरच्या लोकांना जवळच्या निवाऱ्यात १४ दिवस विलगीकरणात ठेवा. घाटमाथ्यावरची हद्द त्या दिवसापासून खरोखरीची सीमा झाली.

केंद्रातला दिवस रांगांत जाई. शौचालयाला रांग, अंघोळीच्या पाण्याला रांग, चहाला, ताप तपासायला. प्रशासन आणि गावोगावच्या लोकांनी जेवणासाठी मनापासून धावपळ केली, हे नोंदवलेच पाहिजे. तरी रोटीवर वाढलेल्या माणसाचे रोजच्या खिचडीने समाधान होत नाही. शाळेच्या वर्गात फळ्याशेजारी विजेचे एखादेच सॉकेट असते. त्यात मल्टिप्लग, त्याला लोंबणारे चार्जर आणि खाली सतरंजीवर आपापल्या फोनवर नजर ठेवून बसलेली माणसे. मजुरी बंद, पाठवायला पैसे नाहीत. घरच्यांना आवाज तरी ऐकू जावा म्हणून तो फोन जपायचा.

१४ दिवस भरले, पण टाळेबंदी आधी १४ एप्रिलपर्यंत होती ती ३ मेपर्यंत वाढली आणि मुक्काम महिन्यावर गेला. ना आजार, ना गुन्हा, तरी बाहेर पडायची मुभा नाही. अन्नपाण्याच्या सोयीने ही गोष्ट भरून निघत नव्हती. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर अशा मजुरांची नोंद ठेवण्याची आणि प्रवासभत्ता देण्याची जबाबदारी टाकली होती. तो कायदा नीट पाळला गेला असता, तर कोण कुठे कामाला आहे याची यादी सरकारच्या हाताशी असती. कित्येकांचे नाव आणि गाव सरकारी कागदावर पहिल्यांदा आले ते केंद्रातच, गाडीसाठी.

१ मे २०२० ला, कामगार दिनी, रेल्वेने जाहीर केलेल्या पहिल्या ६ श्रमिक विशेष गाड्यांपैकी २ नाशिकच्या होत्या: एक भोपाळला, दुसरी लखनौला. मुंबईहून चालत येणाऱ्यांची रीघ मात्र पुढेही चालूच राहिली. कसारा घाटात लोकांनी त्यांना पाणी, चपला, भाकरी दिली. मे महिन्यात एसटीने अशा मजुरांना राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट पोचवले. नाशिकहून उत्तरेला जाणाऱ्यांसाठी ती हद्द म्हणजे धुळ्याच्या पुढचा बिजासन घाट. तिथे उतरून, मध्य प्रदेशाच्या बाजूला पुढच्या बसची वाट पाहत पुन्हा रांग.