हवेच्या नमुन्यातली आर्द्रता: बेळगाव सीमाभागात मोजणीच्या नोंदी मागवायच्या असतील तर

उद्यमबाग, मच्छे, होनग्याचे कारखाने, चिकोडी-अथणीकडचा गळीत हंगाम, निपाणी-संकेश्वरवरून रात्रंदिवस वाहणारा महामार्ग. धुळीची तक्रार घेऊन गेलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘आकडा काय आहे?’ आकडा मिळतोही. पण तो नमुना घेतला तेव्हा हवा किती दमट होती आणि यंत्रानं ती कोरडी करून मोजली का, हे कुणी विचारत नाही. आपल्या भागात हाच प्रश्न आधी विचारायला हवा, कारण खानापूर-कणकुंबीचा पाऊस आणि थंडीतलं सकाळचं धुकं दोन्ही आपल्या वाट्याला आहेत. या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. त्यासाठी वकील लागत नाही.

दमट हवेनं आकडा का बिघडतो

हवेतल्या बारीक कणांत माती आणि काजळीबरोबर अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट असे क्षार असतात आणि ते पाणी ओढतात. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच हे. मिठाची पाझरायची हद्द सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावेल त्या बाष्पाच्या किती टक्के आहे ते), अमोनियम सल्फेटची सुमारे ८०. ती ओलांडली की सल्फेटचा कण फुगून त्याचा व्यास जवळपास दीडपट होतो, म्हणजे आकारमान सुमारे तिप्पट. प्रदूषण तेवढंच, पण मोजणी पाण्यासकट होते.

म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या वातावरण-निरीक्षण कार्यक्रमात नमुन्याची हवा ४० टक्के आर्द्रतेच्या खाली आणून मोजावी असं सांगितलं आहे. सतत चालणाऱ्या बीटा-किरण यंत्रांत (जमलेली धूळ किरण किती अडवते त्यावरून मोजणारी यंत्रं) हवा आत घेणाऱ्या नळीला ती कोरडी करायला हीटर असतो, बऱ्याच ठिकाणी तो ३५ टक्के आर्द्रतेवर लावलेला असतो. काही यंत्रांना ड्रायर असतो. साध्या ड्रायरमध्ये सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, असते. निळी जेल गुलाबी झाली की ती ओली झाली, भट्टीत तापवून घ्यायची किंवा बदलायची. ती गुलाबीच राहिली तर ड्रायर असून नसल्यासारखा.

उलटी चूकही होते. हवा फार तापवली तर अमोनियम नायट्रेट उडून जातं आणि आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. त्यामुळे ‘हीटर आहे’ एवढं उत्तर पुरत नाही, तो कितीवर लावला होता तेही हवं.

फिल्टर वजन करून मोजतात तिथं तर गंमत बघण्यासारखी आहे. पीएम २.५ (अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण; पीएम १० म्हणजे दहापर्यंतचे) चा सॅम्पलर, म्हणजे नमुना घेणारं यंत्र, मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, २४ तासांत सुमारे २४ घनमीटर. देशाची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. म्हणजे हवा नेमकी मर्यादेवर असेल तर दिवसभराची सगळी धूळ मिळून जेमतेम १.४४ मिलिग्रॅम भरते. त्यात फिल्टरनं ०.२ मिलिग्रॅम ओलावा धरला, तर आकडा ८ मायक्रोग्रॅमनं वर. म्हणूनच नमुना घेण्याआधी आणि नंतर फिल्टर किमान २४ तास ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत ठेवून मगच तोलायचा असतो. जुलैत ही खोली नीट चालली नाही तर बाकी सगळं काटेकोर करूनही उपयोग नाही.

अर्ज कोण करू शकतं

भारताचा कोणताही नागरिक. बेळगाव जिल्ह्यातच राहत असलं पाहिजे, जमीन असली पाहिजे, कारखान्याचा शेजारी असलं पाहिजे, यातली एकही अट कायद्यात नाही. कारण सांगायची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) नुसार संपर्काचा पत्ता सोडून इतर वैयक्तिक माहिती विचारता येत नाही. तरुण मंडळाच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज टाकू नका. माहितीचा हक्क नागरिकाचा आहे, तेव्हा अर्ज एका माणसाच्या नावानं, त्याच्या सहीनं जावा.

कुणाकडे

कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या प्रादेशिक कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. मुख्य कार्यालय बेंगळुरूत चर्च स्ट्रीटवरच्या परिसर भवनात आहे. ‘हा डेटा बेंगळुरूला असतो, तिकडं लिहा’ असं तोंडी सांगून परत पाठवलं तर परत येऊ नका. एकाच खात्यातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याची मदत घेऊन माहिती देण्याची तरतूद कलम ५(४) मध्ये आहे. माहिती दुसऱ्याच खात्याची असेल, समजा महानगरपालिकेची, तर अर्ज ५ दिवसांत तिकडं पाठवायची जबाबदारी कलम ६(३) नुसार त्यांची. कर्नाटक सरकारचं ऑनलाइन आरटीआय पोर्टलही आहे, पण आवक शिक्क्याची झेरॉक्स हातात असली की पुढं अपिलात वाद राहत नाही, म्हणून मी खिडकीवरच अर्ज देण्याच्या बाजूचा आहे. लांब असाल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा.

कागदपत्रं आणि फी

फार नाहीत. सही केलेला अर्ज आणि १० रुपये फी. ती पोस्टल ऑर्डर, डीडी किंवा कार्यालयात रोख देऊन पावती घेता येते. पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावे काढायची ते कार्यालयात आधी विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, मात्र कार्डाची प्रत जोडावी लागते. झेरॉक्सचे पानामागं २ रुपये वेगळे, ते किती होतात हे कार्यालय कळवतं तेव्हा भरायचे. कळवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे भरायला उशीर लावू नका.

भाषेचं काय

सीमाभागातल्या माणसाला इथंच ठेच लागते. माहिती अधिकार कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी आहे. आपल्याकडे याचा अर्थ कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी. मराठीत टाकलेला अर्ज भाषेच्या मुद्द्यावर अडकू शकतो. भाषेची लढाई वेगळी आणि ती लढायलाच हवी, पण नोंदी हव्या असतील तर अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं कागदावर उतरवायला मदत करणं जन माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक आहे.

तक्रारीचा अर्ज मात्र वेगळा. गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नं दिला आहे. तेव्हा मंडळाला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना धुळीची तक्रार खुशाल मराठीत करा, आणि नोंदींचा अर्ज त्यापासून सुटा ठेवा.

मजकूर: दीडशे शब्द, एक विषय

कर्नाटकाच्या नियमांत हे दोन बांध आहेत. अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारण १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. दोन विषय घातलेत तर पहिल्यालाच उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळा अर्ज करा असं सांगता येतं. म्हणून शहरातलं मोजणी केंद्र आणि तुमच्या गावाजवळचा क्रशर एका कागदात कोंबू नका.

दुसरं, ‘का’ विचारू नका. ‘हीटर बंद का होता?’ याला उत्तर देणं बंधनकारक नाही. अधिकाऱ्याकडे जी नोंद आहे तीच मिळते, नवी तयार करून द्यावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. रजिस्टरची प्रत मागा. हीटर बंद होता की चालू, ते रजिस्टरच सांगेल.

मजकूर साधारण असा जमतो. याचंच कन्नड करून घ्यावं:

‘विषय: बेळगाव शहरातील ______ येथील हवा मोजणी केंद्राच्या नोंदी. कालावधी: १ ते १५ डिसेंबर, वर्ष ____.
१) या काळातील पीएम २.५ व पीएम १० च्या तासागणिक नोंदी आणि त्याच तासांची सापेक्ष आर्द्रता व तापमान.
२) धूलिकण मोजणाऱ्या यंत्राचा मेक व मॉडेल, इनलेट हीटर किंवा ड्रायर असल्यास तो किती आर्द्रतेवर लावला आहे हे दाखवणारी नोंद.
३) या काळातील देखभाल रजिस्टर आणि आर्द्रता सेन्सरचा शेवटचा कॅलिब्रेशन (अचूकता-तपासणी) अहवाल यांच्या प्रती.
४) फिल्टर पद्धत असल्यास फिल्टर क्रमांक, आधीचं व नंतरचं वजन, वजनाची तारीख-वेळ, फिल्टर ठेवलेल्या खोलीची तापमान-आर्द्रता नोंद, ब्लँक फिल्टरची वजनं.
माहिती संगणकावर असल्यास त्याच स्वरूपात द्यावी.’

अर्जातल्या चौथ्या मुद्द्यातला ब्लँक फिल्टर सहसा कुणी मागत नाही, आणि मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. हा फिल्टर नमुन्याच्या फिल्टरबरोबर जाऊन येतो, पण त्यातून हवा ओढत नाहीत. त्याचं वजन वाढलेलं दिसलं, तर ती वाढ ओलाव्याची किंवा हाताळणीची. बाकीच्या फिल्टरांवर किती भरवसा ठेवायचा ते तिथंच कळतं.

मुदती

उत्तर ३० दिवसांत. कारखान्यानं मंडळाला दिलेला अहवाल मागितला असेल तर तो तिऱ्हाईताचा धरून कारखान्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि निर्णयाला ४० दिवसांपर्यंत लागतात. अशा अहवालामागची वजनाची कच्ची नोंद खासगी लॅबकडेच असते. मंडळ कायद्यानं ती मागवू शकत असेल, तर ‘माहिती’च्या व्याख्येत तीही येते. अर्जात तसं एक वाक्य घाला.

मुदतीत काही आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. तिथंही नाही भागलं तर ९० दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरं अपील. मुदत उलटून दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. विनाकारण टाळाटाळ केल्यास आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो.

नोंदी हातात आल्यावर

पहाटे चार ते सातच्या आकड्यांवर बोट ठेवा. आर्द्रता ८० च्या वर, पीएम २.५ उंच, आणि ऊन चढलं की दोन्ही खाली, असं दिसलं की लगेच ‘मोजणी खोटी’ म्हणू नका. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन धूर खालीच कोंडतो, तेही त्याच वेळेला. धुकं आणि खरा धूर यांतला फरक बाहेरच्या आर्द्रतेवरून कळत नाही, यंत्राच्या आत हवा किती कोरडी झाली होती त्यावरून कळतो. अर्जातल्या दुसऱ्या मुद्द्यातली नोंद यासाठीच. हीटर नीट चालू असताना आकडा उंच असेल तर धूर खरा आहे, आणि तुमच्या तक्रारीला तोच कागद जोडा.

घराच्या खिडकीत लावलेल्या स्वस्त सेन्सरचे फोटो जोडू नका. त्यातल्या बऱ्याच सेन्सरना हवा कोरडी करायची सोय नसते, ते धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात, आणि समोरचा अधिकारी नेमकं तेच धरून तुमचा सगळा अर्ज बाजूला सारेल.

फिल्टर पद्धतीच्या केंद्राचं आणखी एक पाहून घ्या. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, वर्षाला किमान १०४ नमुने घ्यायचे आहेत. पावसाळ्यात धूळ धुऊन जाते, त्यामुळे ते आकडे एरवी खालीच असायला हवेत. जून ते सप्टेंबरचे नमुने गळले असतील तर वर्षाची सरासरी वर सरकते. आकडे असूनही ते डिसेंबरच्या बरोबरीनं दिसत असतील, तर दुसरा अर्ज जुलैच्या वजनखोलीच्या रजिस्टरसाठी टाका.