अमृतधारेला ‘पाणी’ सुटतं कसं?

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात ओव्याची फुलं, पुदिन्याची फुलं आणि भीमसेनी कापूर एकदम मागितले, की अमृतधारा हे घरगुती औषध करायचं आहे हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. तिन्ही कोरडे खडे, पण समभाग घेऊन बाटलीत हलवले की तेलासारखा द्रव होतो. ‘पाणी सुटलं म्हणजे माल अस्सल’ असं म्हणतात. ते खोटं आहे. टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेला कापूरही तितकाच पाघळतो.

ओव्याची फुलं म्हणजे थायमॉल. ते ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, पुदिन्याचं मेंथॉल ४२ च्या, कापूर तर १७५ च्या पुढे. मग ३० अंशांच्या खोलीत हे होतं कसं?

स्फटिक फार सोवळ्याचा. एकाच जातीच्या रेणूंची पंगत, परक्याला पान नाही. द्रवात मात्र कुणीही कुठेही बसतं. दोन खडे टेकतात तिथे काठावरचे रेणू मिसळतात. थायमॉलमध्ये ऑक्सिजनला लागलेला हायड्रोजन असतो, आणि शेजारच्या बेंझिन कड्यामुळे तो अधिक सैल असतो. कापराकडे असा हायड्रोजन नाही, नुसता कार्बोनिलचा, म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला, ऑक्सिजन. थायमॉलचा हायड्रोजन आणि हा ऑक्सिजन एकमेकांना ओढतात, म्हणजेच हायड्रोजन बंध जुळतो. मेंथॉलही असाच हायड्रोजन पुढे करतं, जरा कमी जोराने. बंध जुळल्यावर रेणूंना आपापल्या पंगतीत परतणं अवघड जातं आणि मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली घसरतो. हेच यूटेक्टिक मिश्रण. पहिला थेंब सुटला की उरलेले खडे त्यातच विरघळत जातात.

प्रत्येकी १० ग्रॅम पुरे. मोठे खडे आधी फोडा. टेकणारा पृष्ठभाग कमी असेल तर तासभर वाट पाहावी लागते. बाटली काचेची आणि कोरडी ठणठणीत हवी. पावसाळ्यात धुऊन तशीच वापरली तर द्रव गढूळ होतो, कारण लिटरभर पाण्यात थायमॉल जेमतेम ग्रॅमभर विरघळतं. कापूर जास्त पडला तर तळाशी खडे राहतात. गरम करू नका. वाफ पेट घेते. पूजेच्या वड्या औषधासाठी केलेल्या नसतात, त्या नकोत.

थायमॉल जिवाणूंच्या पेशीचं आवरण सैल करतं, म्हणून ते माउथवॉशमध्ये असतं. मेंथॉलने नाक मोकळं ‘वाटतं’. ते थंडाव्याची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना फसवतं, हवेची वाट काही रुंद होत नाही. २०२१ मध्ये कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो, असे मेसेज फिरले. काही वाढत नाही.

लहान मुलांना ही धारा पाजू नका, नाकालाही लावू नका. कापूर पोटात गेला की काही मिनिटांतही झटके येऊ शकतात, आणि तान्ह्या-रांगत्या मुलांत ग्रॅमभर कापरानेही मृत्यू झाल्याची नोंद आहे. वरच्या मापाच्या बाटलीत तो १० ग्रॅम असतो.