धुपलेल्या मातीतला कर्ब जातो कुठे?

उतारावरची माती पावसाने वाहून गेली की तिच्यातला सेंद्रिय कर्बही (म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून, मुळांतून मातीत आलेला कार्बन) गेला, हे उघड आहे. पण गेला म्हणजे कुठे? हवेत मिसळला, की नुसता खालच्या शेतात जाऊन पडला? मृदाशास्त्रज्ञांमध्ये यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे, आणि तो नुसता पुस्तकी वाद नाही. जगभरच्या जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणात आहे त्याहून कितीतरी जास्त.

आधी नांगराबद्दल. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांची ढेकळं, गोळ्या बनतात आणि सेंद्रिय पदार्थ त्यांच्या पोटात सूक्ष्मजीवांपासून बराच काळ सुरक्षित राहतात. नांगरटीने हे संरक्षण मोडतं. शिवाय पीक कापून नेलं की जमिनीत परत जाणारा काडीकचराही घटतो. गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये ७४ शोधनिबंधांतली आकडेवारी एकत्र करून पाहिली. जंगलाचं शेत झालं तिथे मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्क्यांनी घटला होता, कुरणाचं शेत झालं तिथे ५९ टक्क्यांनी. कुरणाचं नुकसान जास्त, हे वाचून अनेकांना नवल वाटतं. पण जंगलाच्या कर्बाचा मोठा वाटा खोडांत उभा असतो. गवत मात्र आपली बरीचशी कमाई मुळांवाटे जमिनीतच ठेवतं.

कर्ब एकटा जात नाही. मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात दर दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं. सूक्ष्मजीव तो पदार्थ कुजवतात तेव्हा कर्ब वायूरूपाने निघून जातो आणि नत्र अमोनियम, मग नायट्रेट होऊन मोकळं होतं. नव्याने फोडलेली जमीन पहिली काही वर्षं फारसं खत न घालताही चांगली पिकते ती यामुळेच. पिकाने न उचललेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं.

आता धूप. पाणी सगळी माती सारखी उचलत नाही. हलके सेंद्रिय कण आणि बारीक चिकणमाती आधी जाते, त्यामुळे वाहत्या गाळात मूळ मातीपेक्षा कर्ब आणि नत्र बहुधा जास्तच सापडतं. वाटेत गोळ्या फुटतात, आतला कर्ब उघडा पडतो आणि त्यातला काही हवेत जातो. रतन लाल यांच्यासारखे शास्त्रज्ञ याच गळतीवर बोट ठेवतात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की उताराच्या पायथ्याशी साचलेला गाळ वरच्या थरांखाली गाडला जातो, तिथे प्राणवायू कमी, म्हणून कुजणंही मंदावतं. आणि वर उघड्या पडलेल्या मातीत पिकं नवा कर्ब भरत राहतात.

२००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हा हिशेब सीझियम-१३७ च्या मदतीने मांडला. अणुचाचण्यांमधून हवेत पसरलेला हा किरणोत्सारी पदार्थ मातीच्या कणांना घट्ट चिकटतो, त्यामुळे माती कुठून निघाली आणि कुठे साचली ते कळतं. निष्कर्ष असा, की शेतजमिनींच्या धुपीमुळे एकूण थोडा कर्ब शोषलाच जातो, वर्षाला साधारण ०.१२ अब्ज टन.

या आकड्याने धुपीला निर्दोष ठरवायला मी तयार नाही. उघड्या पडलेल्या उतारावर पीक नवा कर्ब भरणार, तर त्याला नत्र लागणारच. बारास एक हे प्रमाण धरलं तर एक टन कर्ब टिकवायला सुमारे ८० किलो नत्र मातीत अडकून राहावं लागतं. ते खताच्या गोणीतून आलं तर खत बनवताना जळलेलं इंधनही हिशेबात धरायला हवं (ते सोयीस्करपणे विसरलं जातं). पायथ्याच्या दमट गाळात तर नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड बनतो, आणि शंभर वर्षांच्या मुदतीत तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमानवाढ घडवतो.

मातीपरीक्षणात एक अडचण येते ती इथेच. नमुने बहुधा वरच्या १५ ते ३० सेंटिमीटरमधून घेतात. माथ्याच्या मातीचं नुकसान त्यात दिसतं, पण पायथ्याला गाडलेला कर्ब त्याहून खोल असतो. उताराच्या शेतात माथा, मध्य आणि पायथा असे वेगळे नमुने, तेही अधिक खोलीपर्यंत घेतले, तरच किती कर्ब हवेत गेला आणि किती नुसता जागा बदलून बसला, याचा अंदाज बांधता येतो.