ले-ऑफ (भारतीय औद्योगिक कायदा)

कामगाराचे नाव मस्टरवर कायम ठेवून मालकाने त्याला तात्पुरते काम न देणे म्हणजे ले-ऑफ. कोळसा, वीज किंवा कच्च्या मालाची टंचाई, तयार मालाचा साठा तुंबणे, यंत्रातील बिघाड, नैसर्गिक आपत्ती किंवा यांच्याशी निगडित अन्य कारण त्यामागे असावे लागते. नोकरी तुटत नाही, म्हणून ही कामगार कपात नव्हे. आणि मागण्या मोडून काढण्यासाठी केलेली टाळेबंदीही नव्हे. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतून माणसे काढली की बातम्यांत ‘ले-ऑफ’ छापून येते, पण त्यांतली बहुतेक प्रकरणे कपातीची किंवा मागून घेतलेल्या राजीनाम्यांची असतात.

औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मध्ये ले-ऑफच्या भरपाईची तरतूद सुरुवातीला नव्हती. 1953 साली कापड गिरण्यांत माल पडून राहिला, कामगार घरी बसवले जाऊ लागले, तेव्हा सरकारने अध्यादेश काढला आणि 24 ऑक्टोबर 1953 पासून भरपाईचा हक्क लागू झाला. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम, साप्ताहिक सुटी वगळून प्रत्येक दिवसाची, हा तो हक्क. त्यासाठी वर्षभराची सलग सेवा, म्हणजे 12 महिन्यांत 240 दिवस (खाणीत जमिनीखाली 190) भरावे लागतात. स्थायी आदेशांनुसार (कारखान्यातल्या सेवाशर्तींचे लेखी नियम) किंवा करारानुसार दिलेल्या ले-ऑफचे दिवस या मोजणीत धरले जातात. वर्षात 45 दिवसांपुढे भरपाई न देण्याचा करार करता येतो. मालक तेव्हा कपातीचा मार्गही धरू शकतो आणि दिलेली भरपाई कपातीच्या रकमेतून वळती करू शकतो.

निम्मा पगार घरबसल्या मिळत नाही. कामगाराने दिवसातून एकदा तरी ठरलेल्या वेळी कारखान्यात हजेरी लावायची असते. वेळेवर आलेल्याला दोन तासांत काम दिले नाही, तर तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. त्याच मालकाच्या, त्याच गावातल्या किंवा 5 मैलांच्या आतल्या दुसऱ्या आस्थापनेत, वेगळे कौशल्य न लागणारे आणि पूर्वीइतक्याच पगाराचे काम देऊ केले नि त्याने नाकारले, तर भरपाई बुडते. त्याच आस्थापनेच्या दुसऱ्या विभागातल्या संपामुळे किंवा ‘गो-स्लो’मुळे (मुद्दाम काम मंदावणे) काम थांबले, तरीही बुडते, ज्याचा संपाशी काही संबंध नाही त्यालाही ही झळ बसते, आणि ही अट मालकाकडे झुकलेली आहे.

भरपाईच्या चौकटीबाहेर राहणारे मात्र बरेच. 50 पेक्षा कमी कामगारांची आणि हंगामी आस्थापने वगळलेली आहेत. बदली कामगाराला (दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणाऱ्याला) वर्षाची सलग सेवा भरेपर्यंत काही मिळत नाही. ठेकेदाराकडून आलेल्यांचे नाव कारखान्याच्या मस्टरवर नसतेच. मंदीत पहिला फटका त्यांनाच बसतो आणि तो ले-ऑफच्या नोंदीत दिसतही नाही.

कायदा भरपाई ठरवतो, पण त्यातून मालकाला ले-ऑफ देण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो करारात किंवा स्थायी आदेशांत असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये फायरस्टोन टायर प्रकरणात स्पष्ट केले. मुंबईच्या कारखान्यातल्या संपामुळे टायर कमी पडले म्हणून कंपनीच्या दिल्ली कार्यालयातल्या कामगारांना ले-ऑफ दिला होता. त्यावरून हा वाद उभा राहिला. भरपाईच्या चौकटीबाहेरच्या लहान आस्थापनांसाठी हा निकाल विशेष महत्त्वाचा आहे.

1976 च्याच दुरुस्तीने मोठे कारखाने, खाणी आणि मळ्यांना ले-ऑफपूर्वी सरकारची परवानगी सक्तीची झाली. वीजटंचाई व नैसर्गिक आपत्ती यांना सूट होती. सुरुवातीची 300 कामगारांची मर्यादा पुढे 100 वर आली. 1947 च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने ती पुन्हा 300 केली. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आहे. निम्म्या वेतनाचा दर आणि 50 कामगारांची अट संहितेतही तशीच आहे. 299 कामगारांच्या कारखान्याला आता ले-ऑफसाठी कुणाला विचारावे लागत नाही.