ओलीवरचा वाल

बदलापूर मागे पडलं की जानेवारीत कर्जत लोकलच्या खिडकीतून कापून झालेली भातखाचरं दिसतात. फिकट पिवळी धसकटं, भेगाळलेली जमीन, तीत चरणारी गुरं. मधूनच एखादा हिरवा चौकोन येतो आणि निघून जातो. तो बहुतेक वेळा वालाचा असतो. पाऊस गेल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर येणारं हे पीक. वरून पाणी द्यावं लागत नाही आणि खताचीही फारशी अपेक्षा नसते. शेती आणि आरोग्य यांचा संबंध काय, असं मला कुणी विचारलं, तर सेंद्रिय दुकानातली महागडी पाकिटं सोडून मी हा चौकोन दाखवीन.

बाकीची खाचरं उघडी का पडतात, याचं एक उत्तर जूनमध्येच तयार झालेलं असतं. लावणीआधी आपण चिखलणी करतो. पाणी साठवून, नांगर किंवा पॉवर टिलर फिरवून मातीचा लगदा करतो. त्यामागे शहाणपण आहे: पाणी खाली झिरपत नाही, तण दबून राहतं, रोपं सहज रोवता येतात. पण मातीचे जे कण बारीक ढेकळांच्या रूपात एकमेकांना धरून असतात, ती बांधणी या लगद्यात मोडते. खाली एक घट्ट थर बसतो. पाऊस गेला की हाच चिखल वाळून विटेसारखा होतो, आणि वालाच्या कोवळ्या मुळाला त्यातून वाट काढणं जड जातं.

नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणीशिवाय भात घेण्याची एक पद्धत बसवली. ती सगुणा राईस तंत्र, म्हणजेच एसआरटी, या नावाने ओळखली जाते. एकदाच कायमचे गादीवाफे, म्हणजे उंच सपाट वाफे, करायचे आणि नंतर जमीन नांगरायचीच नाही. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांत भाताचं बी टोकायचं. राब भाजणं (रोपांसाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजणं), चिखलणी, लावणी, सगळं रद्द. कापणीनंतर धसकटं आणि मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा टोकायचा. हल्ली ज्याला रीजनरेटिव्ह शेती म्हणतात, तिची दोन मुख्य कलमं यात आली: माती कमीत कमी उलथायची, आणि तिच्यात शक्य तितके दिवस जिवंत मूळ ठेवायचं.

मुळं आत ठेवून काय होतं? ती कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. पाणी आणि हवा त्यांतून खाली जाते, पुढच्या पिकाची मुळंही तीच वाट धरतात. गांडुळं येतात. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थांतून मातीत आलेला कार्बन, हळूहळू वाढतो. आपल्याकडच्या माती परीक्षण अहवालात कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असला तर तो कमी धरतात, आणि असे अहवाल हातात घेऊन बसलेले शेतकरी कमी नाहीत.

पण मला जास्त रस आहे तो बुरशीत. बहुतेक पिकांच्या मुळांना मायकोरायझा नावाची बुरशी चिकटून राहते. तिचे धागे केसापेक्षा बारीक असतात आणि मूळ पोचत नाही तिथे पोचतात. पिकाकडून ती साखर घेते आणि बदल्यात फॉस्फरस (स्फुरद) आणि जस्त आणून देते. जमीन उलथली की हे जाळं तुटतं. साचलेल्या पाण्यातही ते नीट पसरत नाही. स्फुरदाचं खत भरपूर मिळालं, तर पिकाला तिची गरजच उरत नाही. भाताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पाण्याखालच्या मातीत जस्त असूनही मुळांना मिळेनासं होतं. भातावरचा ‘खैरा’ हा रोग म्हणजे जस्ताची उपासमार. १९६६ मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. नेने यांनी ते दाखवून दिलं, तोवर हा रोग कशाने होतो ते नेमकं ठाऊक नव्हतं.

बुरशीचा धागा थेट आपल्या शरीरापर्यंत कसा येतो, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. अर्गोथायोनिन नावाचं एक संयुग बुरशी आणि काही जिवाणू बनवतात. माणसाला किंवा वनस्पतीला ते बनवता येत नाही. तरीही आपल्या पेशींमध्ये ते आत घेण्यासाठी खास वाहक प्रथिन आहे. म्हणजे शरीराला त्याचं काही तरी महत्त्व असावं. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये न नांगरलेल्या आणि खोल नांगरलेल्या शेतांतलं धान्य तपासलं. खोल नांगरटीत हे संयुग मक्यात ३२, सोयाबीनमध्ये ३३ आणि ओटमध्ये २८ टक्क्यांनी कमी भरलं. प्रयोग तीनच पिकांचा आहे, भात त्यात नाही. पण नांगर आणि ताट यांच्यामध्ये मोजता येईल असं काही तरी आहे, एवढं त्यातून दिसतं.

इथे एक गोष्ट न लपवता सांगायला हवी. एसआरटीत नांगर जातो, पण तणाचा बंदोबस्त करायला तणनाशक येतं, ग्लायफोसेटसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. युरोपातल्या नियामक संस्थांना ते पटलं नाही. म्हणजे ही शेती सेंद्रिय नाही, आणि ‘रीजनरेटिव्ह’ हा शब्द ऐकला की पिकावर काहीच फवारलेलं नसणार, असं गृहीत धरू नये. माती वाचवायला औषध वापरावं की औषध टाळायला नांगर चालवावा, यावर शेतकऱ्यांमध्ये जी हुज्जत चालते, ती मला प्रामाणिक वाटते.

आता ताटाकडे वळू. चिखलणी न केलेल्या शेतातला भात खाऊन रक्तातलं जस्त वाढेल, असं मी म्हणणार नाही. मातीतून दाण्यात आणि दाण्यातून रक्तात जाताना प्रत्येक टप्प्यावर गळती आहे, आणि सर्वांत मोठी गळती गिरणीत होते: कोंड्याबरोबर बरंच काही जातं. माझ्या मते आरोग्याला खरा फायदा होतो तो दुसऱ्या पिकाचा. भातात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, कमी असतं, वालात ते भरपूर. वालात मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ती बाजू भात सांभाळतो. तांदळात १०० ग्रॅममागे ७-८ ग्रॅम प्रथिनं, तर सुक्या वालात २० ते २५ ग्रॅम. जमिनीतही तीच जोडी जमते. भात जमिनीतला नत्र खातो आणि वालाच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडतात. जेवणातल्या आणि शेतातल्या उणिवा एकाच दाण्याने भराव्यात, हे आजीच्या पिढीला रसायनशास्त्राशिवाय जमलं होतं.

आणि तिने तो दाणा न भिजवता कधी शिजवला नाही. वालात थोडी सायनाइड सोडणारी आणि पचनात आडवी येणारी द्रव्यं असतात. कडवे वाल हे नाव उगाच पडलेलं नाही. रात्रभर भिजवायचे, पाणी ओतून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात एकेक दाणा सोलायचा. भिजवण्यात ही द्रव्यं उतरतात. मोड येताना दाण्यातलं फायटेट तुटतं. लोह आणि जस्त ते धरून ठेवतं, त्यामुळे ते तुटलं की दोन्ही आतड्यांना मिळणं सोपं जातं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. त्या पार्श्वभूमीवर फडक्यात बांधलेली ती पुरचुंडी मला किरकोळ वाटत नाही. वरून लिंबू पिळलं तर लोह आणखी बरं शोषलं जातं.

मग हिरवे चौकोन इतके थोडे का? याचं कारण मातीत कमी आणि गावात जास्त सापडतं. कापणी झाली की कोकणात गुरं मोकळी सोडण्याची रीत आहे. एकट्याने वाल टाकला तर तो गावभरची गुरं पोसतो. कुंपण घालावं तर वालाच्या किमतीत ते परवडत नाही. आळीतल्या दहा जणांनी मिळून वाल टाकला आणि गुरं बांधायची ठरवली, तरच पीक हाती लागतं. आणि ते दहा जण तेव्हाच तयार होतात, जेव्हा विकायला जवळ बाजार असतो.

तो बाजार आहे, पण तो बायकांच्या पाट्यांवर चालतो. पनवेलला, ठाण्याला, दादरला थंडीत वालाच्या शेंगा येतात, आणि सोललेलं बिरडंही मिळतं, पांढरं, मोडासकट, वाट्याने मोजून. भाव ऐकून घासाघीस करण्याआधी एकदा पावशेर वाल स्वतः सोलून बघावेत.