मुख्य प्रशिक्षकाचा शोध (अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल)

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक निवृत्त झाला, दुसरीकडे गेला किंवा काढून टाकला गेला की त्याच्या जागी नवा माणूस आणण्यासाठी विद्यापीठाचा क्रीडा विभाग जी धावपळ करतो, ती या नावाने ओळखली जाते. तिचा मुख्य हंगाम मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि दर वर्षी त्यांतल्या कित्येक डझन संघांचे प्रशिक्षक बदलतात. तिकडची वर्तमानपत्रे या प्रकाराला ‘कोचिंग कॅरोसेल’, म्हणजे प्रशिक्षकांचा गोल फिरणारा पाळणा, म्हणतात. मराठी वाचकाला खो-खो आठवला तर ते अधिक बरोबर होईल. बसलेल्याला खो मिळतो, तो उठून पळतो आणि पुढच्या कुणाला तरी खो बसतो. फरक इतकाच, की खो-खोमध्ये खो देणारा त्या जागी बसतो. इथे उठलेल्याची जागा रिकामी राहते आणि तिथला क्रीडा संचालक आणखी कुणाला तरी उठवायला निघतो.

आपल्याकडे महाविद्यालयाचा शारीरिक शिक्षण संचालक प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीवर असतो आणि संघ पहिल्या फेरीत हरला म्हणून त्याची नोकरी जात नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्य विद्यापीठाचा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा प्रशिक्षक. राज्यपालाचा पगार त्याच्या पासंगालाही पुरत नाही. टीव्हीचे हक्क, तिकिटे आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांतून हा पैसा उभा राहतो. त्यामुळे प्रशिक्षक नेमण्याचा अधिकार कागदोपत्री क्रीडा संचालकाचा असला, तरी मोठ्या देणगीदाराचा फोन त्याला टाळता येत नाही.

बायआउट

शोधाची सुरुवात पुष्कळदा कराराच्या हिशेबाने होते. मुदतीआधी काढले तर विद्यापीठाने उरलेल्या पगाराचा ठरलेला हिस्सा द्यायचा. प्रशिक्षक आपण होऊन गेला तर त्याने, म्हणजे व्यवहारात त्याच्या नव्या विद्यापीठाने, जुन्या विद्यापीठाला भरपाई द्यायची. दोन्ही रकमांना बायआउटच म्हणतात. पोटगीचा आकडा आधी ठरवून लावलेले हे लग्न. आकडा फार मोठा असेल तर नको असलेला प्रशिक्षकही राहतो, आणि संचालक पत्रकारांना सांगतो की आमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे.

करारच नसला तर काय होते, हे केंटकी विद्यापीठाने अनुभवले आहे. २००७ मध्ये त्यांनी फ्लोरिडाच्या बिली डोनोव्हन यांना गळ घातली. त्यांनी नकार दिल्यावर टेक्सास ए अँड एमचे बिली गिलिस्पी यांना आणले. त्यांच्याशी प्राथमिक समजुतीचा मसुदा झाला, पण पूर्ण करारावर सही दोन हंगाम उलटले तरी झाली नाही. २००९ मध्ये त्यांना काढल्यावर प्रकरण कोर्टात गेले आणि सुमारे ३० लाख डॉलरवर मिटले.

शोध कसा चालतो

संचालकाजवळ चार-पाच नावांची यादी कायम असते, निदान असायला हवी असे मानतात. पण यादीतला जवळजवळ प्रत्येक जण दुसरीकडे नोकरीत असतो आणि त्याचा संघ अजून एनसीएएच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत खेळत असू शकतो. म्हणून थेट फोन कमी, मध्यस्थ फार. प्रशिक्षकांचे एजंट असतात. त्याशिवाय माणसे शोधून देणाऱ्या खासगी कंपन्या असतात आणि विद्यापीठे त्यांना घसघशीत शुल्क देतात. या कंपन्यांचा खरा उपयोग नावे सुचवण्यापेक्षा गुप्ततेसाठी होतो. सरकारी विद्यापीठाची कागदपत्रे माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. बाहेरच्या कंपनीच्या फोनवर झालेले बोलणे तसे सहज हाती लागत नाही.

गुप्तता तरीही टिकत नाही. चाहते विद्यापीठाच्या आणि देणगीदारांच्या खासगी विमानांचे मार्ग संकेतस्थळांवर बघत बसतात आणि एखादे विमान अनपेक्षित गावी उतरले की रात्रभर तर्क चालतात. यातून एक शिष्टाचार रूढ झाला आहे. होकाराची खात्री पटेपर्यंत औपचारिक प्रस्ताव द्यायचाच नाही. मग नकार देणारा म्हणू शकतो की मी इथेच खूश होतो, आणि विद्यापीठ म्हणू शकते की आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. स्थळ बघायच्या कार्यक्रमानंतर दोन्ही घरे जे बोलतात, त्याहून हे फार वेगळे नाही.

कृष्णवर्णीय उमेदवारांना या बंद दाराआडच्या व्यवहारात संधी कमी मिळते, ही जुनी तक्रार आहे. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सने (कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) २०२० मध्ये त्यावर नियम केला: महत्त्वाच्या पदासाठीच्या अंतिम यादीत पारंपरिकरीत्या वगळल्या गेलेल्या समाजगटांतला किमान एक उमेदवार हवा. नियमाला बिल रसेल यांचे नाव दिले आहे. ते त्याच कॉन्फरन्समधल्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचे खेळाडू.

हंगामाच्या तोंडावर किंवा मध्यावर जागा रिकामी झाली तर शोध लांबणीवर पडतो आणि साहाय्यकाकडे तात्पुरता कार्यभार येतो. व्हर्जिनियाचे टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम सुरू होण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी निवृत्त झाले. त्यांची जागा कायमस्वरूपी भरायला पुढचा मार्च उजाडला.

घराण्याचा माणूस

जुन्या, नामांकित संघांना बाहेरचा माणूस सहसा रुचत नाही. गाण्यातल्या घराण्यासारखी तिथे गुरुपरंपरा असते आणि गादीवर शिष्यच बसावा अशी अपेक्षा असते. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ ८७९ विजय मिळवून ऑक्टोबर १९९७ मध्ये निवृत्त झाले. गादी आधी त्यांचे साहाय्यक बिल गथ्रिज यांच्याकडे गेली, आणि २००० मध्ये तेही थांबल्यावर सगळ्यांचे डोळे स्मिथ यांचेच शिष्य रॉय विल्यम्स यांच्याकडे लागले. ते तेव्हा कॅन्ससमध्ये होते. त्यांनी नाही म्हटले. मग आले मॅट डोहर्टी. तेही स्मिथ यांचे खेळाडू, म्हणजे घराण्यातलेच. त्यांच्या दुसऱ्या हंगामात संघ ८ सामने जिंकला आणि २० हरला.

२००३ मध्ये विल्यम्स यांना पुन्हा विचारले गेले आणि या वेळी ते आले. कॅन्ससने इलिनॉयमधून बिल सेल्फ यांना उचलले, इलिनॉयने सदर्न इलिनॉयमधून ब्रूस वेबर यांना. २००५ च्या अंतिम सामन्यात विल्यम्स यांचा नॉर्थ कॅरोलायना आणि वेबर यांचा इलिनॉय समोरासमोर आले. नॉर्थ कॅरोलायना ७५-७० असा जिंकला. एकाच साखळीतली दोन टोके अशी अंतिम सामन्यात भेटणे दुर्मीळच. ड्यूक विद्यापीठाने हा सगळा व्याप टाळायचे ठरवले. माइक शशेव्हस्की यांनी निवृत्ती जून २०२१ मध्ये, एक हंगाम आधीच जाहीर केली आणि त्याच वेळी त्यांचे माजी खेळाडू व साहाय्यक जॉन शायर यांना वारस नेमले गेले.

केंटकी, एप्रिल २०२४

अलीकडचा सर्वांत बोलका दाखला पुन्हा केंटकीचाच. लेक्सिंग्टन गावातल्या या संघाने आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत आणि ज्यांच्या नावाने तिथले रप अरीना उभे आहे ते अडॉल्फ रप १९३० ते १९७२ अशी ४२ वर्षे प्रशिक्षक होते. त्या राज्यात एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा संघ नाही. थोडक्यात, इथला प्रशिक्षक हा सगळ्या राज्याच्या चर्चेचा विषय.

गिलिस्पी यांच्यानंतर आलेल्या जॉन कॅलिपरी यांनी १५ हंगामांत ४१० सामने आणि २०१२ चे विजेतेपद जिंकून दिले. वर्षभर खेळून एनबीएत जाणारे तरुण हेरणे ही त्यांची खासियत. पण २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या, म्हणजे कच्च्या समजल्या जाणाऱ्या, सेंट पीटर्सकडून पहिल्याच फेरीत हार झाली आणि २१ मार्च २०२४ रोजी पिट्सबर्गमध्ये चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडने ८०-७६ असे हरवले. त्या सामन्यात जॅक गोल्की या खेळाडूने तीन गुणांच्या १० बास्केट मारल्या. आदल्या वर्षापर्यंत तो दुसऱ्या श्रेणीतल्या हिल्सडेल कॉलेजकडून खेळत होता. एनबीएची स्वप्ने पाहणाऱ्या संघाला त्याने घरी पाठवले, हे चाहत्यांना फार झोंबले.

तरी कॅलिपरी यांना काढणे अवघड होते. २०१९ मध्ये विद्यापीठाने मोठ्या कौतुकाने त्यांच्याशी दहा वर्षांचा, ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला होता आणि आता काढायचे तर ३ कोटी ३० लाखांच्या आसपास मोजावे लागणार होते. क्रीडा संचालक मिच बार्नहार्ट यांनी काही दिवसांतच जाहीर केले की कॅलिपरी राहणार.

खो मात्र भलत्याच ठिकाणाहून सुरू झाला होता. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने, म्हणजे एसएमयूने, त्याच मार्चमध्ये रॉब लॅनियर यांना दुसऱ्या हंगामानंतर काढले. त्यांच्या संघाने २० सामने जिंकले होते. पण विद्यापीठ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या वरच्या पंगतीत बसायला निघाले होते आणि त्याला मोठे नाव हवे होते. एसएमयूने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूएससीचे, अँडी एनफिल्ड यांना नेले. यूएससीने अर्कान्सोचे एरिक मसलमन यांना नेले. अर्कान्सोने थेट कॅलिपरी यांनाच विचारले.

बातमी फुटली ७ एप्रिलच्या रविवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी ॲरिझोनात अंतिम सामना होता आणि प्रशिक्षकांच्या संघटनेचे वार्षिक अधिवेशनही दरवर्षी त्याच मुक्कामी भरते. म्हणजे देशभरातले प्रशिक्षक, त्यांचे एजंट आणि पत्रकार एकाच गावात. कॅलिपरी यांनी मंगळवारी चित्रफितीतून निरोप घेतला. अर्कान्सोने त्यांच्याशी वर्षाला ७० लाख डॉलरचा पाच वर्षांचा करार केला आणि केंटकीचे ३ कोटी ३० लाख वाचले. नको झालेला जावई आपण होऊन घर सोडून गेला, असा भाव लेक्सिंग्टनमध्ये काही काळ होता.

तो दोन दिवस टिकला. कनेटिकटचे डॅन हर्ली नुकतेच सलग दुसऱ्यांदा विजेते झाले होते. ते येणार नव्हते. बेलर विद्यापीठाचे स्कॉट ड्रू यांच्यावर आशा होती. गुरुवारी, ११ एप्रिलला त्यांनी बेलरमध्येच राहण्याचे ठरवले. १७ वर्षांपूर्वी नाही म्हणालेले डोनोव्हन यांचे नावही पुन्हा चर्चेत होते, पण ते एनबीएच्या शिकागो बुल्सचे प्रशिक्षक होते आणि त्यांचा हंगाम संपायचा होता. शुक्रवारी केंटकीने ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या, म्हणजे बीवाययूच्या, मार्क पोप यांचे नाव जाहीर केले.

पहिली प्रतिक्रिया संतापाची होती. पोप यांच्या खात्यात एनसीएए स्पर्धेतला एकही विजय नव्हता. मात्र ते घराण्याचे होते: १९९६ च्या केंटकीच्या विजेत्या संघाचे कप्तान. एनबीएतून बाहेर पडल्यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि ते अर्धवट सोडून प्रशिक्षणात आले. रविवारी, १४ एप्रिलला, रप अरीनात त्यांचे स्वागत ठेवले होते. अरीना गच्च भरली. आत एक बस आली, तिच्यातून जुने सहकारी उतरले आणि पोप १९९६ चा करंडक हातात घेऊन उतरले. शुक्रवारी ज्यांनी बोटे मोडली, त्यांतले बरेच जण रविवारी उभे राहून टाळ्या वाजवत असणार. बार्नहार्ट यांच्या कारकिर्दीतले हे नेपथ्य सर्वांत हुशारीचे म्हणावे लागेल.

घाईला आणखी एक कारण होते. २०१८ पासून खेळाडूंच्या बदलीसाठी ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही नोंदवही आहे; २०२१ पासून खेळाडू बदली करून लगेच खेळू शकतात आणि स्वतःच्या नावाच्या जाहिरातींसारख्या वापरातून पैसेही मिळवू शकतात. प्रशिक्षक बदलला की त्या संघाच्या खेळाडूंना पोर्टलमध्ये जायला तेव्हाच्या नियमाने ३० दिवस मिळत. डी. जे. वॅगनर, अडू थिएरो आणि झ्वोनिमिर इव्हिसिच कॅलिपरी यांच्या मागोमाग अर्कान्सोला गेले. इतर एनबीएकडे किंवा अन्यत्र. पोप यांना संघ जवळजवळ पाटी कोरी करून उभारावा लागला. आधी प्रशिक्षक संघ घडवायला येत. आता आल्या आल्या संघ विकत घ्यावा लागतो, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

पोप गेल्याने बीवाययूची जागा रिकामी झाली. तिथे एनबीएच्या फिनिक्स सन्सचे साहाय्यक केव्हिन यंग आले. त्यांना कॉलेजातून उठवले नसल्यामुळे साखळी तिथे थांबली.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅलिपरी अर्कान्सोचा संघ घेऊन रप अरीनात आले, हुर्यो सोसली आणि ८९-७९ असे जिंकून गेले. मार्चमध्ये केंटकी, अर्कान्सो आणि बीवाययू हे तिन्ही संघ शेवटच्या सोळांत पोहोचले. एसएमयू आणि यूएससी यांना स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही. रॉब लॅनियर यांना, जिथून हे सगळे सुरू झाले त्यांना, काढल्यानंतर काही दिवसांतच ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने नेमले होते. तिथलीही जागा आधीचा प्रशिक्षक काढल्यानेच रिकामी झाली होती.