हेल्मेटची काच आणि पेट्रोलचं फडकं

गेल्या आठवड्यात मामेभाऊ म्हापशाहून आला तो हेल्मेटची तडकलेली काच घेऊनच. "चार महिन्यांत गेली! डुप्लिकेट माल." पडली-आपटली नव्हती, तरी स्क्रूच्या भोकांभोवती बारीक भेगांचं जाळं. मामीचं निदान तयारच होतं: स्कूटरला लिंबू-मिरची बांधायची राहिली.

"पुसतोस कशानं?" मी विचारलं.

"तांबडी माती पाण्यानं जात नाही रे. पेट्रोलचं फडकं मारतो."

नावाला काच, असते पॉलिकार्बोनेट. याच प्लास्टिकचे थर गोळी अडवणाऱ्या तावदानांतही वापरतात, म्हणून 'अनब्रेकेबल'चं स्टिकर. माल डुप्लिकेट आहे का हे प्रयोगशाळेत इन्फ्रारेड वर्णपट सांगतो. वितळप्रवाह चाचणीत ३०० अंशांना, १.२ किलो वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम प्लास्टिक बाहेर येतं ते मोजतात. रेणूंच्या साखळ्या तुटल्या असतील तर ते भराभर वाहतं. गंमत म्हणजे अस्सल काच पेट्रोलनं तडकली, तर या दोन्ही चाचण्यांत ती निर्दोष ठरते!

कारण इथे साखळ्या रासायनिकदृष्ट्या तुटतच नाहीत. त्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. पेट्रोलमधले टोल्युइनसारखे रेणू मध्ये शिरून गुंता सैल करतात. नुसता ताण काच वर्षानुवर्षं सोसते. ताण आणि पेट्रोल एकत्र आले की सूक्ष्म चिरा पडतात. सुरुवातीला त्या चिरा रिकाम्या नसतात, केसाहून हजारो पट बारीक तंतू दोन्ही कडांना धरून असतात. ते तंतूही पेट्रोल पितात, एकेक सुटतो आणि चिरेची भेग होते. भेगेतून पेट्रोल आणखी आत. सूक्ष्मदर्शकाखाली भेगेची सुरुवात गुळगुळीत, चकचकीत दिसते, तीही एकाच वेळी अनेक ठिकाणी.

ताण कुठून आला? थोडा आवळलेल्या स्क्रूचा, बाकीचा जन्मजात. साच्यात बाहेरची कातडी आधी गोठते, आतला भाग मागाहून आकसतो आणि तिला ओढत राहतो. मी काच लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यापुढे धरली आणि मामेभावाला पोलराइज्ड गॉगल लावून मान वाकडी करायला सांगितलं. भोकांभोवती इंद्रधनुषी पट्टे दाटलेले! हे पट्टे म्हणजे काचेत अडकलेला ताण. मामीनंही गॉगल लावून पाहिले.

"पण पेट्रोलचा कॅन प्लास्टिकचाच ना? तो कसा तडकत नाही?"

तो पॉलिथिनचा. त्याच्या साखळ्या बऱ्याच ठिकाणी घट्ट रचलेल्या असतात. पेट्रोलनं तो थोडा फुगतो, पण असा तडकत नाही. त्याचा वैरी वेगळा. पॉलिथिन तपासायला पट्टीवर खाच पाडतात, ती वाकवतात आणि साबणासारख्या द्रावणात बुडवून ठेवतात, कधी तडकते ते पाहायला.